मंद घोड्याची चंदी

घोडा मंदावला, चालताना मागे रेंगाळू लागला, चढावर दोनदोनदा थांबू लागला, की मालकाचा हात प्रथम हरभऱ्याच्या पोत्याकडे जातो. चंदी वाढते; वर गुळाचा खडाही पडतो. चार-आठ दिवसांत जनावर चपळ झाल्यासारखे दिसते. परंतु ही चपळाई पुष्कळदा बुजण्याची व लगाम ओढण्याची असते. सकाळी ती दिसते आणि दुपारी घोडा पुन्हा मान टाकतो. पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या भागांतील मेंढपाळांची तट्टे वाड्याचा सारा संसार, कोकरे आणि प्रसंगी लहान मूलही पाठीवर घेऊन घाट उतरतात. अशा वाटेवर बुजलेले तट्टू हे मंद तट्टापेक्षा अधिक धोक्याचे होय.

म्हणून चंदीस हात लावण्यापूर्वी मंदपणाचे कारण शोधावे. गवताचे अर्धवट चावलेले गोळे तोंडातून पडत असतील किंवा लिदीत अख्खे दाणे दिसत असतील, तर दोष बहुधा दातांचा असतो. मागच्या दाढांना धारदार कडा आल्या म्हणजे घोडा खातो, पण चावत नाही. लीद दवाखान्यात नेऊन जंतांसाठी तपासून घ्यावी. खूर, नाल आणि खोगिराखालची पाठ बोटांनी दाबून पाहावी. दुखणारा घोडा आळशी दिसतो. मधूनमधून ताप येणे, हिरड्या फिक्या पडणे, पायांवर व पोटाखाली सूज येणे ही लक्षणे दिसल्यास चावऱ्या माश्यांमुळे पसरणाऱ्या सर्रा रोगाची शंका घ्यावी व त्याच दिवशी पशुवैद्यास बोलवावे. यांपैकी काही नसेल, तरच खाण्याचा विचार करावा.

गाय-बैलांच्या अनुभवावरून घोड्याचे खाणे ठरविणे ही नेहमीची चूक आहे. घोडा रवंथ करीत नाही, आणि त्याला ओकताही येत नाही. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते. चारा पचविणारे सूक्ष्मजीव त्याच्या आतड्याच्या शेवटच्या, रुंद भागात असतात. तेथे चारा सावकाश आंबतो व त्यातून निघणारी शक्ती दिवसभर मिळत राहते. शांत, टिकाऊ बळाचे मूळ येथे आहे. दाण्यातील पिष्ट मात्र त्यापूर्वीच, लहान आतड्यात पचावयास हवे. एका वेळी दाणा फार झाला तर न पचलेले पिष्ट मागच्या आतड्यात उतरते, तेथे आम्ल वाढते, आणि पोटशूळ उठतो किंवा खुरांच्या आतील भागास दाह होऊन घोडा कायमचा लंगडा होतो.

मात्रा ठरविण्यासाठी वजन हवे. काटा नसेल तर सुतळीने पुढच्या पायांमागील छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजावी. घेराला घेराने व नंतर लांबीने गुणून ११,८८० ने भागावे. घेर १४० व लांबी १३० असेल तर तट्टू सुमारे २१५ किलोचे भरते.

मध्यम काम करणाऱ्या २०० किलोच्या तट्टाला रोज सुमारे ४ किलो सुका चारा पोटात गेला पाहिजे. त्यात कडब्याची कुट्टी व वाळलेले गवत ३ किलो आणि वाळविलेला लसूणघास १ किलो असावा. नुसत्या कडब्यावर घोडा मंदावणारच. त्यात प्रथिने फारच थोडी असतात. चंदी १ किलोपर्यंत पुरे: भरडलेला सातू दोन भाग आणि शिजवून मऊ केलेला हुलगा (कोरड्या वजनाने) एक भाग. ती तीन तोबऱ्यांत विभागून द्यावी. पाणी आधी, चारा नंतर, चंदी शेवटी, हा क्रम ठेवावा. गव्हाचा कोंडा घोड्यास आवडतो, पण त्यात स्फुरद फार व चुना कमी. रोज पाटीभर कोंडा दिल्यास हाडे ठिसूळ होतात. लसूणघासातील चुना ही उणीव काही अंशी भरून काढतो.

एवढ्यानेही अंग भरत नसेल तर दाणा वाढविण्याऐवजी तेल द्यावे. १०० मिलिलिटर तेलात साधारण पाव किलो सातूइतकी शक्ती असते, आणि पिष्ट मुळीच नसते. करडईचे वा सोयाबीनचे ताजे तेल चालेल. तळून उरलेले किंवा खवट झालेले नको. प्रथम दिवसाला २० मिलिलिटर चंदीत कालवावे, दर पाच दिवसांनी तेवढेच वाढवीत १०० पर्यंत न्यावे. लीद तेलकट वा पातळ झाली तर मात्रा मागे घ्यावी. परिणाम दिसण्यास तीन-चार आठवडे लागतात. मात्र बरगड्या हाताला लागत नाहीत इतक्या लठ्ठ घोड्यास तेल देऊ नये. त्याचा मंदपणा चंदी कमी करून व रोज थोडे चालवून जातो.

मिठाकडे फारसे कोणी पाहत नाही. रोज २० ते २५ ग्रॅम मीठ व मुबलक स्वच्छ पाणी यांवाचून घामाने थकलेला घोडा सावरत नाही. उन्हाळ्यातील पुष्कळसा ‘आळस’ हा तहानेचाच असतो.

बुरशी लागलेला मका घोड्याला कधीही देऊ नये. त्यातील विषाने मेंदू नासून जनावर थोड्या दिवसांत मरते. कोंबड्यांचे खाद्यही उरले म्हणून घालू नये. त्यातील कित्येक खाद्यांत मोनेन्सिन हे औषध मिसळलेले असते. कोंबड्यांना ते सोसते, घोड्याचे मात्र हृदय निकामी करते. कोवळी हिरवी ज्वारीही टाळावी. चाऱ्यातील कोणताही बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा.

तळ पडला व काम थांबले की त्याच दिवसापासून चंदी निम्मी करावी, चारा तेवढाच ठेवावा. पूर्ण चंदी खाऊन उभे राहिलेले तट्टू दुसऱ्या दिवशी ओझे घालून निघाले म्हणजे कधी कधी मागचा भाग लाकडासारखा ताठतो, घाम सुटतो, मूत्र काळपट होते. अशा वेळी त्याला एक पाऊलही पुढे न चालविता ओझे तेथेच उतरवावे, अंगावर घोंगडी टाकावी आणि पशुवैद्यास तेथेच आणावे.