राहिलेल्या कामांचे ओझे

विजेचे देयक, मुलांचे शुल्क, वडिलांची औषधे, विम्याचा हप्ता! यांतील एकही काम अवघड नसते. तरी सारी एकदम मनात उभी राहिली की माणूस गांगरून जातो. ब्लूमा झायगार्निक या विदुषीच्या १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अर्धवट सोडलेली कामे अधिक लक्षात राहत असल्याचे आढळले होते. (पुढे हा निष्कर्ष दरवेळी टिकला नाही.) २०११ मध्ये मॅसिकॅम्पो व बाउमाइस्टर यांनी अधिक उपयुक्त गोष्ट दाखवली: काम केव्हा, कसे करायचे हे नेमके ठरवले, तरी त्याचा मनाला होणारा उपद्रव ओसरतो. म्हणूनच ‘विमा बघणे’ ही नोंद निरुपयोगी. ‘शनिवारी सकाळी कपाटातील पॉलिसी काढून हप्त्याची तारीख पाहणे’ ही उपयोगी. दरमहाची ठरावीक देणी बँकेला स्थायी सूचना देऊन मार्गी लावता येतात. खात्यात शिल्लक तेवढी हवी. बहुतेक घरांत साऱ्या तारखा एकट्या गृहिणीच्याच डोक्यात असतात. त्या भिंतीवरील दिनदर्शिकेवर उतरवल्या, तर इतरांना वाटा न उचलण्यास सबब उरत नाही. झोप व भूक कित्येक आठवडे हरपली असेल, तर मात्र नोंदवही पुरणार नाही. त्यासाठी केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे.