एका वर्षात ५ गाजलेले चित्रपट, ऑस्करही मिळालं; तरी थॉमस मिचेल हे नाव कुणाला का आठवत नाही?

‘गॉन विथ द विंड’मधली स्कार्लेट ओ’हारा अनेकांना आठवते. पण तिचे वडील? बायको गेल्यावर भ्रमिष्ट झालेला तो म्हातारा आठवला, तरी तो साकारणाऱ्या नटाचं नाव पटकन सांगता येत नाही. ते थॉमस मिचेल.

१९३९ या एकाच वर्षात त्यांचे ५ चित्रपट आले. ‘स्टेजकोच’मध्ये दारुडा डॉक्टर, ‘ओन्ली एंजल्स हॅव विंग्ज’मध्ये नजर अधू होत चाललेला पायलट, ‘मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन’मध्ये पत्रकार, ‘द हंचबॅक ऑफ नोत्र दाम’मध्ये भिकाऱ्यांचा राजा आणि वर सांगितलेला बाप. यातले ३ चित्रपट सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्कर शर्यतीत होते.

हे जमलं कसं?

तेव्हाच्या हॉलिवूडमध्ये नायकाचा चेहरा सांभाळून वापरला जायचा. मिचेल यांच्यासारख्या चरित्र अभिनेत्यांचं गणित वेगळं होतं. भूमिका छोटी, त्यामुळे हातातलं काम आटोपून लगेच पुढचा सेट गाठता यायचा.

पण छोटी म्हणजे सोपी नव्हे. ‘स्टेजकोच’ने जॉन वेन यांना स्टार केलं, हे खरं. तरी त्यातला डॉक्टर पाहाच. बाळंतपणाची वेळ येते तेव्हा हा नशेत असतो. कॉफीवर कॉफी पिऊन तो शुद्धीवर येतो. याच भूमिकेसाठी मिचेल यांना सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. पुढे १९५३ मध्ये एमी आणि टोनीही मिळाले. हे तिन्ही पुरस्कार मिळवणारे ते पहिले पुरुष कलाकार.

‘इट्स अ वंडरफुल लाइफ’मध्ये ८ हजार डॉलर हरवणारे विसराळू बिली काका तेच. त्या एका चुकीवर पुढचं सगळं कथानक उभं आहे!

शेवटची भूमिका गाजली, पण...

१९६२ मध्ये ‘प्रिस्क्रिप्शन: मर्डर’ या नाटकात त्यांनी एका पोलिस अधिकाऱ्याचं काम केलं. त्याच वर्षी १७ डिसेंबरला, वयाच्या ७०व्या वर्षी त्यांचं निधन झालं. १९६८ मध्ये या नाटकावर टीव्ही चित्रपट आला, तेव्हा ती भूमिका पीटर फॉक यांच्याकडे गेली. त्या अधिकाऱ्याचं नाव होतं लेफ्टनंट कोलंबो.