ग्रामर पाठ, तरी इंग्रजी का अडते?

दहावीच्या इंग्रजीच्या कृतिपत्रिकेतला पहिला प्रश्न ‘लँग्वेज स्टडी’चा असतो आणि तो १० गुणांचा असतो. लेखी पेपर ८० गुणांचा. भंडारा, तुमसर, साकोलीतली मुले ग्रामरची जाड गाइडे घेतात, काळांचे तक्ते भिंतीला चिकटवतात, त्या ग्रामरचा नावानिशी वाटा एवढाच. बाकीचे ७० गुण धड्यांतले उतारे, कविता, न वाचलेला उतारा, लेखनकौशल्य आणि शेवटी ५ गुणांचे भाषांतर यांत वाटलेले असतात. उताऱ्यांखालीही ‘डू ॲज डायरेक्टेड’ येते, पण ते समोरच्याच वाक्यावर. त्यामुळे ‘ग्रामर पाठ झाले की पेपर सुटला’ ही समजूत गुणांच्या हिशेबातच टिकत नाही. ग्रामर खरे लागते ते स्वतःचे वाक्य लिहिताना, आणि नेमक्या त्याच वेळी पाठ केलेला नियम हाताशी येत नाही.

‘तो काल शाळेत गेला नाही’ हे वाक्य इंग्रजीत लिहायला सांगून पाहावे. ‘डिड’नंतर क्रियापदाचे मूळ रूप येते, हा नियम मुलगा झोपेतून उठवला तरी सांगेल. वहीत मात्र ‘ही डिड नॉट वेंट’ उतरते. मराठीत नकार आला तरी ‘गेला’ भूतकाळातच राहतो. इंग्रजीत भूतकाळाचे ओझे ‘डिड’ उचलतो आणि क्रियापद मूळ रूपात परत जाते. ‘सर आले आहेत’चे ‘सर हॅव कम’ होते, कारण मराठीत मोठ्या माणसाला अनेकवचन लावायचे असते. इंग्रजीत मुख्याध्यापक काय किंवा राष्ट्रपती काय, एकटे असतील तर ‘हॅज’च. ‘मी सोमवारपासून आजारी आहे’ हे मराठीत साध्या वर्तमानकाळात चालते, म्हणून ‘आय ॲम इल सिन्स मंडे’ लिहिले जाते. तिथे ‘हॅव बीन’ हवे.

अशा चुका निष्काळजीपणाच्या समजून लाल शाईने गोल केल्या जातात. खरे तर ते मूल आपल्या भाषेचा नियम चोख पाळत असते, फक्त तो इंग्रजीत पाळत असते. हे एकदा उमजले की तयारीची दिशाच बदलते. सगळे १२ काळ पुन्हा पहिल्यापासून घोकण्यापेक्षा मराठी वाक्य इंग्रजीत नेताना आपला पाय कुठे घसरतो, त्या जागांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर करणे जास्त कामाचे. बहुतेकांची ही यादी एका पानात मावते.

आणखी एक समजूत म्हणजे ग्रामर डोळ्यांनी शिकायचे असते. ‘अ’ आणि ‘ॲन’चाच नियम घ्या. ‘शब्द स्वराने सुरू झाला तर ॲन’ असे सांगितले जाते, आणि ए, ई, आय, ओ, यू ही अक्षरे शोधत मुले फसतात. नियम अक्षराचा नाही, उच्चाराचा आहे. ‘युनिव्हर्सिटी’चे स्पेलिंग यू या स्वराक्षराने सुरू होते, पण उच्चार ‘य’ने; म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘अवर’ म्हणजे तासाच्या स्पेलिंगमध्ये आधी एच आहे, पण तो बोललाच जात नाही. म्हणून ‘ॲन अवर’. आमदार ‘ॲन एमएलए’, कारण एम हे अक्षर उच्चारताना तोंडातून आधी ‘ए’ निघतो. शब्द एकदा मोठ्याने म्हटला की उत्तर आपोआप येते. २०२३च्या तलाठी भरतीत १०० प्रश्नांपैकी २५ प्रश्न, म्हणजे २०० पैकी ५० गुण इंग्रजीला होते. अशा बहुपर्यायी पेपरात हाच प्रश्न दहा सेकंदांत सुटतो किंवा दोन मिनिटे खातो, ते कानावर अवलंबून असते.

भूतकाळी ‘-एड’चेही तसेच. ‘लाफ्ड’ला ‘लाफेड’ आणि ‘वॉक्ड’ला ‘वॉकेड’ म्हणणारी मुले वर्गावर्गात भेटतात. हा प्रत्यय तीन तऱ्हांनी बोलला जातो: ‘वॉक्ड’मध्ये शेवटी ट, ‘प्लेड’मध्ये ड, आणि मूळ क्रियापद ट किंवा डने संपत असेल तरच ‘वाँटेड’, ‘नीडेड’सारखी एक पूर्ण सिलॅबल, म्हणजे उच्चाराचा एक ठोका, वाढते.

इथून आपण स्ट्रेसकडे, म्हणजे शब्दातल्या आघाताकडे येतो. या विषयात समजुतींचे रान सर्वांत दाट आहे, म्हणून इथे जरा थांबायला हवे.

स्ट्रेस म्हणजे तो भाग जोरात ओरडणे, असे अनेकांना वाटते. आवाज थोडा चढतो हे खरे. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती सिलॅबल लांबते, तिचा सूर बदलतो आणि तिच्यातला स्वर स्वच्छ ऐकू येतो. आजूबाजूच्या सिलॅबल आक्रसतात. त्यांतले स्वर पुष्कळदा मराठीतल्या आखूड ‘अ’सारखे होऊन जातात. फोटोग्राफ हा शब्द जवळून पाहू. ‘फोटोग्राफ’मध्ये भार पहिल्या ‘फो’वर. छायाचित्रकार म्हणायचे झाले की तो दुसऱ्या सिलॅबलवर सरकतो आणि उच्चार ‘फटॉग्रफर’ असा होतो; मघाचा ठसठशीत ‘फो’ नुसता ‘फ’ उरतो. ‘फोटोग्राफिक’ म्हटले की भार तिसऱ्यावर, ‘ग्रॅ’वर. मूळ शब्द तोच, स्पेलिंगची सुरुवात तीच, तरी तिन्हींचा आवाज वेगळा. गाइडमध्ये देवनागरीत छापलेला उच्चार इथे अपुरा पडतो, कारण आपल्या लिपीत स्ट्रेसला खूणच नाही. तिची गरजही नव्हती: केवळ आघात बदलल्याने अर्थ बदलला, असे मराठीत होत नाही.

‘नाम असेल तर स्ट्रेस पहिल्या सिलॅबलवर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर’ हा नियम क्लासमध्ये हमखास सांगितला जातो. तो खरा आहे, पण काही जोड्यांपुरता. तुमसरचा तांदूळ बाहेर जातो, त्या निर्यातीला नाम म्हणून ‘एक्स्पोर्ट’ म्हणताना भार ‘एक्स’वर, निर्यात करणे म्हणताना तो ‘पोर्ट’वर. ‘रेकॉर्ड’, ‘परमिट’, ‘ऑब्जेक्ट’ यांचेही तसेच. पण ‘रिपोर्ट’, ‘रिप्लाय’, ‘कंट्रोल’, ‘सपोर्ट’ हे शब्द नाम असोत की क्रियापद, भार दुसऱ्या सिलॅबलवरच राहतो. ‘आन्सर’, ‘व्हिजिट’, ‘ऑफर’, ‘ऑर्डर’ यांच्यात दोन्ही वेळा पहिल्यावर. ‘होटेल’, ‘पोलीस’, ‘मिस्टेक’ ही नामे असूनही भार मागे आहे. मराठी बोलण्यात हे शब्द इतके रुळले आहेत की इंग्रजी वाक्यातही ते मराठी चालीनेच येतात.

स्ट्रेसला नियमच नाहीत, प्रत्येक शब्द पाठच करावा लागतो, असेही उलट टोकाचे मत ऐकू येते. तेही चूक. शब्दाच्या शेपटीकडे पाहावे. ‘-शन’, ‘-इक’, ‘-इटी’ या प्रत्ययांच्या लगेच आधीच्या सिलॅबलवर भार असतो: ‘एज्युकेशन’मध्ये ‘के’वर, ‘इकनॉमिक’मध्ये ‘नॉ’वर, ‘इलेक्ट्रिसिटी’मध्ये ‘ट्रि’वर. ‘-लॉजी’चेही तेच: ‘बायॉलॉजी’त तो ‘ऑ’वर. एवढ्या चार शेपट्यांनी शेकडो शब्द हाताशी येतात. अपवाद आहेतच. ‘पॉलिटिक्स’मध्ये भार ‘पॉ’वर आहे, ‘टेलिव्हिजन’मध्ये ‘टे’वर. ‘-ईज’ने संपणाऱ्या ‘जॅपनीज’सारख्या शब्दांत शेवटच्या सिलॅबलवर भार येतो, पण भंडाऱ्याच्या डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याच्या खाणींतून निघणारे ‘मँगनीज’ हा नियम मोडते. त्याच्या रूढ उच्चारात भार ‘मँ’वर आहे.

सिलॅबल मोजण्यातही गफलत होते. देवनागरीत जितकी अक्षरे तितक्या सिलॅबल, असे मुले धरून चालतात. इंग्रजीत स्वर किती वेळा ऐकू येतो ते मोजायचे. ‘व्हेजिटेबल’च्या सर्वसाधारण उच्चारात तीनच सिलॅबल आहेत, ‘कम्फर्टेबल’मध्येही तीनच. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीच्या नावात ‘ऑर्डनन्स’ आहे, दोन सिलॅबलचा. ‘ऑर्डिनन्स’ म्हणजे अध्यादेश, तीन सिलॅबलचा. बोलण्यात या दोघांची अदलाबदल रोज होते.

कोशातली खूण कशी वाचायची, हे बारावी झालेल्यांनाही पुष्कळदा कोणी सांगितलेले नसते. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या कोशांत वरच्या बाजूला छोटी उभी रेघ असते. ती जिच्या आधी येते, त्या सिलॅबलवर मुख्य भार. अनेक जण ती रेघ आधीच्या भागाची समजून नेमका उलटा उच्चार करतात. खाली दिलेली रेघ दुय्यम भाराची. ए. एस. हॉर्नबी यांचा शिकणाऱ्यांसाठीचा कोश ऑक्सफर्डने १९४८मध्ये काढला. त्याची आजची आवृत्ती फोनवर मोफत पाहता येते आणि शब्द ऐकूही येतो. ‘डेव्हलप’ हा शब्द त्यावर एकदा ऐकावा. आपल्याकडे भार हमखास ‘डे’वर दिला जातो, तो आहे ‘व्हे’वर.

यावर कोणी म्हणेल, हे सारे गोऱ्यांसारखे बोलायचे सोंग झाले. तसे नाही. नाकातून बोलणे, ‘र’ गिळणे, परदेशी हेल काढणे यांचा स्ट्रेसशी संबंध नाही. हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेतले आर. के. बन्सल यांनी १९६९मध्ये भारतीयांचे इंग्रजी इतरांना कितपत समजते यावर अभ्यास प्रसिद्ध केला. न समजण्याच्या मुख्य कारणांत त्यांनी शब्दातला चुकीचा आघात धरला. आपला मराठी हेल राहू द्यावा. भार मात्र योग्य जागी पडावा. आयईएलटीएससारख्या परीक्षेतही बोलण्याचे मूल्यमापन चार निकषांवर होते आणि उच्चार हा त्यांतला एक, म्हणजे पाव हिस्सा.

आता झाडीबोलीबद्दल. ‘घरी झाडी बोलतात म्हणून मुलांचे इंग्रजी बिघडते’ हे वाक्य भंडारा-गोंदियात पालक आणि शिक्षक दोघांच्याही तोंडी असते, आणि ते मुलाच्या मनाला लागते. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्य वेचून या बोलीचा अभ्यास मांडला. झाडीत ‘ण’च्या जागी ‘न’, ‘ळ’च्या जागी ‘र’ आणि ‘श’च्या जागी ‘स’ येतो. आता इंग्रजीकडे पाहावे: तिथे ‘ण’ही नाही आणि ‘ळ’ही नाही. उरतो तो ‘श’. ‘शी’ आणि ‘सी’, ‘शीट’ आणि ‘सीट’, ‘शेव्ह’ आणि ‘सेव्ह’ अशा जोड्या रोज पाच मिनिटे आलटून-पालटून म्हटल्या तर हा फरक काही आठवड्यांत जिभेवर बसतो. स्ट्रेसच्या बाबतीत तर पुण्यातले मूल आणि लाखांदूरचे मूल एकाच ओळीत उभे आहे. दोघांच्याही भाषेत त्याने अर्थ बदलत नाही. तुमसर-मोहाडीकडे घरी पोवारी, बाजारात हिंदी आणि शाळेत मराठी बोलणारी मुले तर तीन भाषांचे कान घेऊनच वर्गात बसतात. ती त्यांची शिल्लक आहे.

अभ्यासाच्या पद्धतीबद्दलची समजूत सर्वांत महागात पडते. एकच नियम दहा वेळा वाचला की तो ओळखीचा वाटतो आणि ‘येते’ असा भास होतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६मध्ये दाखवले, की पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा वाचून स्वतःची चाचणी घेणाऱ्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात राहते. गंमत अशी, की लगेच विचारले तर वाचणारेच पुढे असतात. म्हणून तर फसगत होते. विसरण्याचा वेग सुरुवातीला किती असतो, हे मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५मध्येच मोजले होते. त्यामुळे रविवारी सलग चार तास पॅसिव्ह व्हॉइस करण्यापेक्षा रोज वीस मिनिटे, काळ, आर्टिकल, व्हॉइस अशी सरमिसळ वाक्ये गाइड मिटून सोडवावीत. परीक्षेत वाक्यावर प्रकरणाचे नाव छापलेले नसते. स्ट्रेससाठी रोज पाच शब्द: आधी आपण म्हणायचे, भार कुठे ते वहीत खुणेने दाखवायचे, मग कोश ऐकून ताडून पाहायचे. आधी ऐकून नंतर म्हटले तर ती नक्कल होते, चाचणी होत नाही.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २०००च्या जूनपासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याआधी ते पाचवीपासून असे. म्हणजे आजचे मूल दहावीला येईपर्यंत दहा वर्षे इंग्रजी शिकलेले असते. त्या दहा वर्षांत ते स्वतः किती वाक्ये मोठ्याने बोलले, हा प्रश्न शाळांनी विचारायला हवा. बोलण्याचे गुण तर गुणपत्रिकेत आहेतच: १०० पैकी २० तोंडी आणि अंतर्गत परीक्षेचे. ते ‘फुकटचे गुण’ मानले जातात. २०१९च्या दहावीत भाषांचे हे गुण काढून टाकले होते. त्या वर्षी राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला, आणि ज्यात भंडारा येतो तो नागपूर विभाग ६७.२७ टक्क्यांसह सर्वांत खाली राहिला. अभ्यासक्रमही त्या वर्षी नवा होता, त्यामुळे सगळा दोष एकाच गोष्टीला देता येणार नाही. पुढच्या वर्षी ते २० गुण परत आले.

आता ते आहेत, तर शाळांनी ती तोंडी परीक्षा खरोखर घ्यावी. प्रत्येक मुलाला समोर उभे करून पाच मिनिटे बोलू द्यावे, त्याने ‘डेव्हलप’ चुकीचा म्हटला तर हसू नये, कोश उघडून ऐकवावा आणि पुन्हा म्हणायला लावावे. पालकांनीही घरी मुलगी इंग्रजी मोठ्याने वाचत असेल तर तिला ‘मनात वाच’ म्हणू नये.