अर्ज आपल्या आळीचा

रस्त्यावरचा दिवा गेला, कोपऱ्यावर कचरा साठला, तर तुम्ही काय करता? मी करत होते तेच ना? 'ह्यांच्या' कानावर घालायचं, शेजारणीजवळ कुरकुरायचं आणि 'नगरपालिकेला मेलं काही पडलेलंच नाही' असं म्हणत कणीक मळायला घ्यायची!

आमच्या आळीच्या वळणावर नगरपालिकेची एक रिकामी जागा आहे. तिथे कचऱ्याचा ढीग, त्यावर भटकी कुत्री आणि संध्याकाळी मिट्ट काळोख. माझी लेक तेव्हा आठवीत होती. एक दिवस क्लासहून धापा टाकत आली आणि म्हणाली, "आई, मी उद्यापासून जाणार नाही." गणितात कच्ची म्हणून क्लास लावलेला, तो अंधारापायी सोडायचा? तेव्हा मात्र मला गप्प बसवेना.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विषय काढला. वीसेक जणींच्या सह्या घेतल्या, अर्ज दिला. महिन्याने उत्तर मिळालं, 'यंदा तरतूद नाही.' सगळ्या हिरमुसल्या.

आमच्या आळीत एक काकू आहेत. सरकारी कचेरीत कारकून होत्या, आता निवृत्त. त्यांचे यजमान गेलेले, म्हणून हळदीकुंकवाला त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. मी सहज अर्जाची नक्कल दाखवली, तर त्या म्हणाल्या, "अगं, ही नुसती तक्रार झाली. नेमकं काम कुठं सुचवलंयस? आणि पैसे वाटून झाल्यावर मागायला जायचं, म्हणजे पंगत उठल्यावर पान मांडल्यासारखंच की!"

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. नगरपालिकेचं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. पण त्याच्या अंदाजपत्रकाची जुळवाजुळव आधी कितीतरी महिने चाललेली असते. आपण नाही का दिवाळीचा खर्च गणपती झाल्यापासूनच मनात मांडत? तसंच हे. आपलं काम त्या यादीत वेळेवर गेलं, तरच त्याच्या नावावर पैसे पडायची आशा.

पुढच्या नवरात्रात भोंडल्याला सगळ्या जमल्या. या वेळी काकूंना आग्रहाने बोलावलं. खिरापत ओळखून झाल्यावर अर्ज त्यांनीच सांगितला आणि मी लिहिला. जागा कोणती, वळणापासून किती पावलांवर, दोन दिवे कुठे हवेत, कुंपण किती लांबीचं आणि घंटागाडी किती वाजता आली तर नोकरीवाल्यांना सोयीची, सगळं त्यात आलं. शेवटी एक ओळ घातली : 'जागा स्वच्छ करून मिळाल्यास तिथे पुन्हा कचरा पडू न देण्याची जबाबदारी आम्ही रहिवासी घेऊ.' या ओळीवर सही करताना मात्र दोघीतिघी कचरल्या!

पुढच्या मे महिन्यात ढीग उचलला गेला आणि दिवे लागले. कुंपण काही अजून झालेलं नाही. आणि खरं सांगू? आठव्या दिवशी तिथे पुन्हा पहिली पिशवी पडली. ती आमच्याच आळीतली होती! तेव्हापासून आम्ही आठवड्याच्या पाळ्या लावल्या. कुणी पिशवी टाकताना दिसलं की भांडायचं नाही, घंटागाडीची वेळ सांगायची. काही जण रागावले. एकीने माझ्याशी बोलणंच टाकलं. पण ढीग पुन्हा झाला नाही.

हे शहाणपण काही एकट्या आमच्या आळीचं नव्हे. मुंबई महापालिकेने १९९७ मध्ये गल्लीगल्लीतल्या रहिवाशांच्या समित्यांना सोबत घेण्याची योजना सुरू केली. घाटकोपरची जोशी लेन ही त्यातली सुरुवातीची गल्ली. ओला आणि सुका कचरा रहिवाशांनी वेगळा करायचा आणि महापालिकेने त्या गल्लीकडे नीट लक्ष द्यायचं, असा तो मामला. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांनी सुचवलेल्या कामांना अंदाजपत्रकात जागा द्यायला सुरुवात केली. मुदतीत अर्ज भरून पदपथ, दिवे, बाक अशी आपल्या प्रभागातली छोटी कामं सुचवायची. ही कल्पना मूळची ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराची. तिथे १९८९ पासून लोक सभेला बसून शहराच्या पैशाचा काही भाग कशावर खर्चायचा ते ठरवू लागले.

तुमच्या गावात अशी योजना नसेलही. पण अर्ज द्यायला कोण अडवतं? दसऱ्याच्या आतच द्या. एका अर्जात एकच जागा आणि नेमकं काम लिहा. जागा नगरपालिकेची की खाजगी, हे आधी विचारून घ्या. खाजगी जागेवर सार्वजनिक पैसा सहसा खर्च होत नाही. अर्जाच्या दोन प्रती करा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. एक प्रत नगरसेविकेला द्या. महाराष्ट्रात २०११ पासून नगरपालिका-महापालिकांत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत, त्याचा आपल्याला उपयोग नको का व्हायला? उत्तर आलंच नाही, तर २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा आहे. दहा रुपये भरून 'आमच्या अर्जाचं काय झालं?' असं विचारता येतं आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आणि हो, सह्या घेताना कुणाचं दार वगळू नका. आम्ही जिला वगळलं होतं, तिलाच सगळं ठाऊक होतं! यंदाच्या संक्रांतीला आम्ही नुसतंच तिळगूळ-संमेलन केलं. पहिला तिळगूळ काकूंच्या हातावर ठेवला.

लेकीचा क्लास पुन्हा सुरू झालाय. गणित मात्र अजून कच्चंच आहे. पण त्याला नगरपालिका काय करणार?