रेडिओचं भात

तंजावरच्या आमच्या घरात बोलणं मराठीत, पण सकाळ व्हायची तमिळमध्ये. आजोबा रेडिओचा खटका फिरवायचे. आधी डायलचा दिवा लागे, मग वाल्व तापेपर्यंत नुसती गुणगुण आणि मग कुठे आवाज यायचा : 'तिरुच्चिरापळ्ळि वानोलि निलयम'. तमिळ माणूस आकाशवाणीला 'वानोलि'च म्हणतो आणि आम्हीही तेच म्हणायचो.

हे केंद्र १६ मे १९३९ रोजी सुरू झालं. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा भारताच्या वाट्याला आकाशवाणीची सहाच केंद्रं आली : दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ आणि तिरुच्चिरापळ्ळि. पाच मोठ्या शहरांच्या रांगेत कावेरीकाठचं हे एक गाव! तिथून तंजावर जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटर. मध्यम लहरी जमिनीला धरून चालतात आणि जमीन ओली असली की त्या कमी थकतात. कावेरीचा सपाट, पाणथळ भातपट्टा त्यांना मानवला. रात्री याच लहरी आभाळातल्या थरांवरून परततात, त्यामुळे अंधार पडला की लांबची केंद्रं एकमेकांत घुसायची. सिलोनची तमिळ गाणी मात्र आम्हाला स्वच्छ लागत, कारण मध्ये खारं पाणी होतं आणि त्यावरून लहरी आणखी कमी थकतात.

पौष वद्य पंचमीला तिरुवैयारुहून संगीतकार त्यागराजांची आराधना प्रक्षेपित होई. त्या दिवशी आमच्या बोळात त्यांच्या पंचरत्न कृती दारादारांतून ऐकू येत. चालत गेलं तरी नाट रागातली ओळ तुटत नसे.

पण आजोबांचं खरं लक्ष शेतीच्या कार्यक्रमाकडे. आमची एक वेली जमीन होती, म्हणजे साडेसहा एकरांहून थोडी अधिक. कावेरीवरच्या मेट्टूर धरणाची पातळी सांगायला लागले की घरात कुणी बोलायचं नाही. १२ जूनला पाणी सुटेल की नाही, यावर कुरुवै हा भाताचा हंगाम उभा राहायचा किंवा बुडायचा.

१९६०च्या सुमारास सघन कृषी कार्यक्रमासाठी देशातले पहिले काही जिल्हे निवडले, त्यांत तंजावर होता. त्याच दशकात आडुतुरैच्या भात संशोधन केंद्रातून 'एडीटी २७' हे वाण आलं. जपानी आणि देशी भाताचा संकर, साडेतीन महिन्यांत तयार होणारा, कुरुवैला नेमका बसणारा. वाण नवं असलं की रोपं किती दिवसांची लावायची, खत कधी घालायचं, सगळंच नवं असतं, आणि ते हंगामाच्या ऐन दिवशी कळावं लागतं. चार दिवसांनी मिळालेल्या छापील पत्रकाचा काय उपयोग? वाचता न येणाऱ्याला तर तेही नाही. तिरुच्चिरापळ्ळिचा आवाज मात्र चहाच्या दुकानात, ओसरीवर, एकाच वेळी साऱ्या खोऱ्यात पोचायचा.

शेतकऱ्यांनी आकड्याचं नाव बाजूला ठेवलं आणि त्या वाणाला 'रेडिओ भात' म्हणायला सुरुवात केली. हरितक्रांतीच्या इतिहासात बियाणं, खतं, पाणी या सगळ्यांना श्रेय मिळतं. रेडिओला ते शेतकऱ्यांनी दिलं, तेही आपल्या पिकाला त्याचं नाव देऊन. मला यापेक्षा मोठा सन्मान ठाऊक नाही.

सुगीनंतर पोती अंगणात उतरत. आजी मूठभर दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारायची आणि विचारायची, "अहो, हे रेडिओचं का?"

आजोबा मान डोलवत.