त्याने कळवलं होतं, कबूल केलं नव्हतं

माझ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात येणारा एक तरुण गेल्या दिवाळीनंतर एकदा फोन हातात घेऊन दारातच उभा राहिला. चपलाही काढेना. सुरतेच्या रिंग रोडवरच्या एका मार्केटात साड्यांच्या दुकानात तो डिस्पॅच सांभाळतो. दक्षिणेतल्या एका व्यापाऱ्याला गेलेल्या पार्सलमध्ये बारा साड्या कमी निघाल्या होत्या. व्यापाऱ्याने इंग्रजीतून विचारणा केली, सेठ बाहेरगावी होते, म्हणून उत्तर यानेच लिहिलं. ‘बारा नग कमी निघाले हे मान्य आहे’, एवढंच त्याला म्हणायचं होतं. फोनमध्ये ‘मान्य करणे’ शोधलं, ‘अ‍ॅडमिट’ मिळालं, तेच घातलं. समोरच्याने अर्थ घेतला की चूक यांचीच आणि ती यांनी कबूल केली. त्याने बिलातून रक्कम कापली. पार्सल बांधतानाच कमी भरलं होतं की वाटेत फुटलं होतं, याचा तपास कोणी केलाच नाही. बारा साड्यांचे पैसे या मुलाच्या पगारातून वळते झाले.

“मॅडम, मी यात खोटं काय लिहिलं?” त्याने विचारलं.

खोटं काहीच लिहिलं नव्हतं. त्याला हवा होता ‘कन्फर्म’, म्हणजे माहिती बरोबर आहे असं कळवणं. फार तर ‘अ‍ॅक्नॉलेज’, म्हणजे तुमचं म्हणणं पोचलं. आपल्या मराठीतला ‘मान्य’ मोठ्या मनाचा शब्द आहे. सोयरिकीची अट मान्य असते, वादातला मुद्दा मान्य असतो, झालेली चूकही मान्य असते. इंग्रजी ही कामं वेगवेगळ्या माणसांना वाटून देते. अट ‘अ‍ॅक्सेप्ट’ करायची, मताशी ‘अ‍ॅग्री’ व्हायचं, चूक ‘अ‍ॅडमिट’ करायची, गुन्हा ‘कन्फेस’ करायचा. कायद्यातसुद्धा ‘अ‍ॅडमिशन’ आणि ‘कन्फेशन’ यांचे नियम वेगळे आहेत. १८७२च्या पुरावा कायद्यात ते वेगळे होते, १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही वेगळेच आहेत. साडीच्या दुकानातल्या पोराला हे कोण सांगणार? त्या दिवशी मी ठरवलं, की वर्गात आता इतर सगळ्याआधी बोलण्याचे शब्द घ्यायचे.

मी सुरतेच्या पूर्व भागात, पर्वत पाटियाला राहते. इथे पर्वत नाही, डोंगर नाही, टेकाडही नाही. पर्वत हे जुन्या गावाचं नाव. पाटिया म्हणजे फळा, पाटी. गुजरातेत मोठ्या रस्त्यावरून गावाकडे वाट फुटते तिथे गावाच्या नावाची पाटी असते, आणि पुढे त्या थांब्यालाच पाटिया म्हणतात. गाव शहरात विरून गेलं, पाटीचं नाव मात्र राहिलं. आमच्या वस्तीचं नाव मुळातच सांगण्याच्या कामातून आलेलं आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

माझे वडील अमळनेर तालुक्यातून लूमच्या कारखान्यात कामाला आले, तापी व्हॅलीच्या रेल्वेने, उधन्याला उतरून. त्यांच्यासारखी धुळे, जळगाव, नंदुरबारकडची हजारो घरं लिंबायत, उधना, गोडादरा, डिंडोली आणि आमच्या बाजूला पसरली आहेत. माझ्या वर्गातली मुलं घरात आजीशी अहिराणी बोलतात, शाळेत मराठी किंवा गुजराती, रस्त्यावर हिंदी, आणि जिन्यावर भेटणाऱ्या राजस्थानी शेजाऱ्यांची मारवाडीही त्यांना निम्मी-अर्धी कळते. पाचवी-सहावीच्या पोराच्या तोंडात चार भाषा असतात. तरी त्याला वाटतं की आपल्याला बोलता येत नाही, कारण इंग्रजी येत नाही. या समजुतीशी माझं भांडण आहे आणि ते जुनं आहे.

पहिल्या तासाला मी फळ्यावर दोनच शब्द लिहिते: ‘से’ आणि ‘टेल’. दोन्हींचा अर्थ मुलं ‘सांगणे’ असा देतात आणि मग ‘ही सेड मी’ हे वाक्य ठरलेलंच. नियम पाठ करून ही चूक जात नाही. ती जाते मराठीकडे नीट बघितल्यावर. मी मुलांना भूतकाळ करायला लावते. तो म्हणाला. ती म्हणाली. ते म्हणाले. इथे क्रियापद कोणाच्या मागे चाललं? बोलणाऱ्याच्या. आता दुसरं घ्या. त्याने निरोप सांगितला. त्याने गोष्ट सांगितली. त्याने नाव सांगितलं. सांगणारा तोच, पण क्रियापद निरोपाच्या, गोष्टीच्या, नावाच्या मागे गेलं. म्हणजे ‘म्हणणे’ माणसाला आणि त्याच्या तोंडच्या शब्दांना धरून असतं, आणि ‘सांगणे’ हे माहितीला, ती ज्याला पोचवायची त्याच्यासकट. इंग्रजीतला ‘से’ हा आपला ‘म्हणणे’, आणि ‘टेल’ हा ‘सांगणे’. ‘टेल’ला ऐकणारा लगेच शेजारी लागतो: ‘टोल्ड मी’. ‘से’ला तो लागतोच असं नाही, आणि आलाच तर मध्ये ‘टू’ ठेवून येतो: ‘सेड टू मी’.

हे कळतं तेव्हा मुलांचे चेहरे बघावेत. जो फरक परका म्हणून घोकायला दिला होता, तो त्यांच्या जिभेवर आधीपासून होता. गुजरातीत दोन्हींसाठी ‘कहेवुं’ बऱ्याचदा चालून जातं, हिंदीत ‘कहना’ आणि ‘बताना’ आहेत. पण मराठीने हा भेद थेट व्याकरणात मुरवला आहे. मराठी माध्यमातल्या मुलाला ‘से-टेल’ शिकवणं सगळ्यात सोपं असायला हवं. आपण ते अवघड करतो, कारण वर्गात मराठीला दाराबाहेर उभं करतो.

‘टेल’ची आणखी एक गंमत मार्केटात काम करणाऱ्या मुलांना आवडते. या शब्दाचा जुना अर्थ मोजणे. बँकेत पैसे मोजून देणाऱ्याला ‘टेलर’ म्हणतात ते यामुळेच, कपडे शिवणाऱ्याशी त्याचा संबंध नाही. ग्रे, म्हणजे कोऱ्या कापडाचे ताके मोजून हिशेब ठेवणाऱ्या मेहताजींना आकडा सांगणाऱ्या मुलाला हे दोन अर्थ एकाच शब्दात का राहतात, ते मी समजावण्याची गरज पडली नाही.

एका मुलीने निबंधात लिहिलं होतं, ‘माय मदर स्पोक मी’. वाक्य चुकलेलं होतं. पण ती काय सांगत होती? ‘आई मला बोलली.’ म्हणजे रागावली. आपल्याकडे ‘सासूबाई मला बोलल्या’ असं डोळे पुसत कोणी म्हटलं तर संवाद झाला असा अर्थ कोणी घेत नाही. बोलणी खाणं, बोल लागणं, बोल लावणं, हे सगळं त्या एका धातूतलं दुखणं. आता मुंबईच्या वळणाने ‘म्हणाला’च्या जागी सर्रास ‘मला बोलला’ येतं, आणि नव्या मुलांना तो जुना अर्थ सांगावा लागतो. मी त्या मुलीला ‘स्कोल्ड’ दिला. ‘टोल्ड मी ऑफ’ हेही दिलं, आणि पुढे जोडलेल्या एवढ्याशा ‘ऑफ’ने सांगणं कसं झाडणं होतं ते दाखवलं. तिने विचारलं, “टीचर, मग ‘खडसावलं’ला काय? आणि ‘सुनावलं’ला?”

त्या प्रश्नाने आमचा अख्खा महिना घेतला. आम्ही मराठीतले बोलण्याचे शब्द गोळा करायला बसलो. बजावणे, ठणकावणे, सुनावणे, खडसावणे, दटावणे, विनवणे, समजावणे, सुचवणे, कळवणे, पुटपुटणे, कुजबुजणे, बरळणे, बडबडणे, टोमणा मारणे, री ओढणे, शब्द टाकणे, शब्द देणे, विषय काढणे, मुद्दा मांडणे. मुलं घरून आणखी आणत गेली. प्रत्येक शब्दाला दोनच प्रश्न विचारायचे: बोलणारा ऐकणाऱ्याच्या वर आहे की खाली, आणि बोललेल्याची जबाबदारी कोणाची? ‘बजावणे’ वरून खाली येतं, म्हणून ‘वॉर्न’. ‘विनवणे’ खालून वर जातं, म्हणून ‘बेग’ किंवा ‘प्लीड’. ‘शब्द देणे’ म्हणजे ‘प्रॉमिस’. ‘शब्द टाकणे’ला इंग्रजीत एक शब्द मिळत नाही. कोणासाठी तरी, आपली पत पणाला लावून, एखाद्याकडे बोलणं. ‘पुट इन अ गुड वर्ड’ त्याच्या जवळ जातं, पण पणाला लागलेली पत त्यात तेवढी येत नाही. तिथे इंग्रजी अपुरी आहे असंही मी मुलांना ठामपणे सांगते. त्यांनी ते कधी ऐकलेलं नसतं.

जबाबदारीचा प्रश्न ‘क्लेम’च्या वेळी कामी आला. वर्तमानपत्रातलं ‘दावा केला’ मुलांना ठाऊक होतं. ‘क्लेम’ म्हणजे तो असं म्हणतो, खरं-खोटं त्याचं तो जाणे. स्वतःबद्दल अर्जात ‘आय क्लेम’ लिहिलं तर वाचणाऱ्याच्या मनात शंका आपणच पेरतो. ‘स्टेट’ यापेक्षा कोरडा: ठरलेली वस्तुस्थिती नोंदवणं, आपलं ‘नमूद करणे’. बँकेचं स्टेटमेंट आणि पोलिसातलं स्टेटमेंट दोन्ही ‘स्टेट’चीच लेकरं. ‘एक्स्प्लेन मी’ आणि ‘सजेस्ट मी’ या चुका ‘मला समजावून सांगा’, ‘मला सुचवा’ यांतून येतात. ‘एक्स्प्लेन’नंतर ‘टू मी’ हवं, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लागत नाही. यावर मी जास्त वेळ घालवत नाही, कारण अशा चुकीने कोणाचा पगार कापला जात नाही.

मुलांच्या दप्तरातून कधीकधी एक तक्ता निघतो: ‘सेड’ऐवजी वापरायचे शंभर शब्द. तो पाठ केलेलं मूल प्रत्येक वाक्यात ‘एक्स्क्लेम्ड’ घालतं. मी तो तक्ता परत दप्तरात ठेवायला लावते. दहापैकी नऊ वेळा ‘सेड’च बरोबर असतो. साध्या शब्दाची लाज वाटायला लावणारं शिक्षण मला मंजूर नाही.

सुरतेत मराठी माणसाने असा विचार करणं नवीन नाही. मराठीचं पहिलं महत्त्वाचं व्याकरण १८३६मध्ये छापणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर पुढे याच शहरात इंग्रजी शाळेत शिकवायला होते. २२ जून १८४४ रोजी दुर्गाराम मेहताजी आणि इतर सोबत्यांबरोबर त्यांनी इथे मानवधर्म सभा काढली. जातिभेद, मंत्रतंत्र, भूतबाधा यांवर उघड बोलण्याची ती जागा होती. मराठीचा व्याकरणकार आणि गुजरातीचा शिक्षक एकत्र बसून लोकांना मत मांडायला सांगतात, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. त्याच काळात तिकडे मोल्सवर्थ आणि कँडी हे इंग्रज अधिकारी मराठी शब्दांना इंग्रजी अर्थ जोडत होते. मराठी-इंग्रजी कोश १८३१मध्ये आला, इंग्रजी-मराठी १८४७मध्ये, आणि पहिल्याची वाढवलेली आवृत्ती १८५७मध्ये. मोल्सवर्थच्या कोशात बोलण्याच्या एकेका शब्दाखाली किती छटा दिल्या आहेत ते वर्गात मी मोठ्याने वाचून दाखवते. परक्या माणसाने मराठी शिकताना घेतलेले कष्ट बघून मुलं गप्प होतात. फोनने दिलेला ‘अ‍ॅडमिट’ आणि ती पानं यांच्यातला फरक त्यांना लगेच दिसतो.

आता शेवटची गोष्ट, आणि माझ्या मते मोठी. शब्द आले तरी मुलं गप्प राहतात. ‘आय थिंक’ लिहिता येतं, पुढे काय लिहायचं ते सुचत नाही. मी विचारलं, “तुला काय वाटतं, आपल्या गल्लीतला बाजार हलवावा की नाही?” मुलाने आधी माझ्याकडे, मग शेजारच्याकडे पाहिलं. तेरा वर्षांत त्याला कोणत्याच भाषेत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. घरात सांगणारे मोठे, शाळेत सांगणारे सर, दुकानात सांगणारा सेठ. राज्यघटनेच्या १९व्या कलमात भाषण आणि अभिव्यक्ती असे दोन शब्द शेजारी ठेवले आहेत, ते उगाच नाही. भाषण तोंडाने होतं. अभिव्यक्तीसाठी आत काहीतरी असावं लागतं आणि ते बाहेर येऊ द्यावं लागतं. म्हणून आता माझ्याकडे दर गुरुवारी पहिला अर्धा तास मराठीचा किंवा अहिराणीचा असतो. एक प्रश्न, प्रत्येकाचं मत, मध्ये कोणी तोडायचं नाही. मग तेच मत इंग्रजीत. ज्याने मराठीत ‘मला हे पटत नाही, कारण…’ असं पूर्ण केलं, तो इंग्रजीत अडखळतो, पण थांबत नाही. हे मी तीन वर्षं बघते आहे.

लहान मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय असावी असं घटनेचं कलम ३५० अ, १९५६पासून सांगतं. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते. आपल्या गावाकडून इथे आलेल्या आईबापांना माझी कळकळीची विनंती आहे, की इंग्रजीच्या भीतीने त्या शाळांकडे पाठ फिरवण्याआधी एकदा आत जाऊन बघा. आणि शाळा कोणतीही असो, आज रात्री जेवताना मुलाला त्याचं मत विचारा, तो अडखळला तर वाक्य तुम्ही पुरं करू नका. तुमच्या घरात, तुमच्या आजीच्या तोंडी बोलण्याचे, सांगण्याचे, सुनावण्याचे जे शब्द असतील ते एका वहीत उतरवून ठेवा. आमच्या वर्गाची वही एकशे बेचाळीस शब्दांवर आली आहे, आणि तिच्या पहिल्या पानावर त्या साडीच्या दुकानातल्या मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे: कळवणे, कन्फर्म. कबूल करणे, अ‍ॅडमिट.