'सगळ्यांना माहीत होतं' हा पुरावा नसतो : तानाकांच्या राजीनाम्यातून संशोधकाने काय शिकायचं?

सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या ज्युनिअर्सकडून मला एक प्रश्न हमखास येतो. "माझ्याकडे एकच केस आहे. एका केसवरून कारण कसं दाखवायचं?" राज्यशास्त्र, इतिहास, पत्रकारिता, समाजशास्त्र, कुठल्याही विषयात हा प्रश्न पडतोच. आज तो एका प्रत्यक्ष घटनेवरून सोडवून बघू.

आधी माझी फजिती सांगतो. पहिल्या वर्षाच्या प्रेझेंटेशनमध्ये मी स्लाइडवर लिहिलं होतं, 'लॉकहीड लाचप्रकरणामुळे १९७४ मध्ये जपानचे पंतप्रधान तानाका यांना राजीनामा द्यावा लागला.' गाइड मॅडमनी एवढंच विचारलं, "लॉकहीड बाहेर कधी आलं?" मी म्हणालो, "१९७६, मॅडम." त्या म्हणाल्या, "मग १९७६ मध्ये कळलेल्या गोष्टीमुळे माणूस १९७४ मध्ये राजीनामा कसा देईल?" सगळा वर्ग हसला. मी ते वाक्य कुठल्या तरी सारांशातून उचललं होतं आणि दोन तारखा शेजारी ठेवून बघायचे कष्ट घेतले नव्हते. त्या दिवसापासून ही केस मी नीट वाचली.

नेमकं काय घडलं?

काकुएई तानाका १९१८ मध्ये निगाता प्रांतात जन्मले. तो भाग बर्फाळ आणि त्या काळी मागासलेला. घर गरिबीचं, विद्यापीठाची पदवी नाही. बांधकामाच्या धंद्यातून वर आले, राजकारणात शिरले आणि जुलै १९७२ मध्ये ५४ व्या वर्षी पंतप्रधान झाले. बड्या विद्यापीठांतून आलेल्या नोकरशहा-नेत्यांच्या पक्षात हा माणूस वेगळा उठून दिसायचा. लोकांनी डोक्यावर घेतलं. सुरुवातीच्या जनमत चाचणीत त्यांना ६० टक्क्यांच्या वर पाठिंबा होता. सप्टेंबर १९७२ मध्ये त्यांनी चीनशी संबंध पूर्ववत केले.

पुढे ऑक्टोबर १९७४ मध्ये 'बुंगेई शुंजू' या मासिकाचा नोव्हेंबरचा अंक बाजारात आला. त्यात ताकाशी ताचिबाना या ३४ वर्षांच्या लेखकाचा तानाकांच्या पैशांवर आणि माणसांवर मोठा लेख होता. प्रश्न साधा होता. या गृहस्थांनी जाहीर केलेलं उत्पन्न इतकं, आणि घरं, जमिनी, राजकारणावरचा खर्च मात्र तितका. मधला पैसा आला कुठून?

२२ ऑक्टोबरला टोकियोत परदेशी पत्रकारांच्या क्लबमध्ये तानाका जेवणाला पाहुणे म्हणून गेले. तिथे त्यांच्यावर या लेखाबद्दल प्रश्नांचा भडिमार झाला. मग जपानी दैनिकांनीही विषय उचलला. २६ नोव्हेंबरला तानाकांनी राजीनामा जाहीर केला. त्या भोजनापासून बरोबर पाच आठवडे.

ताचिबानांनी केलं काय?

हा भाग संशोधनाच्या विद्यार्थ्यांनी दोनदा वाचावा. लेखाचा कणा गुप्त फाइल किंवा चोरलेली कागदपत्रं हा नव्हता. ताचिबाना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुख्यतः कोणालाही मिळू शकतील असे कागद गोळा केले. जमिनीच्या मालकीच्या नोंदी, कंपन्यांच्या नोंदणीचे उतारे, राजकीय निधीचे अहवाल, जाहीर झालेले उत्पन्नाचे आकडे. एकेक कागद वेगळा वाचला तर काहीच सापडत नाही. पण शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसू लागतं की अमुक कंपनीकडे नावापलीकडे फारसा व्यवहार नाही, तरी तिच्या नावावर मोठी जमीन आहे आणि तिच्या संचालकांचे धागे तानाकांच्या वर्तुळात जातात.

नागाओका शहराजवळचं शिनानो नदीचं पात्र हे प्रसिद्ध उदाहरण. तिथली पूररेषेतली स्वस्त जमीन साठच्या दशकात मुरोमाची सांग्यो या तानाकांच्या वर्तुळातल्या कंपनीने शेतकऱ्यांकडून घेतली. पुढे बांध आणि पूल झाले आणि त्याच जमिनीची किंमत कितीतरी पटींनी वाढली. इथे कागद फक्त दोन गोष्टी सांगतात : कोणी, कधी घेतली आणि नंतर सरकारी काम कधी झालं. 'आधीच माहिती होती का?' हा प्रश्न वाचकाच्या मनात आपोआप उभा राहतो. पण प्रश्न उभा राहणं वेगळं आणि उत्तर सिद्ध होणं वेगळं, हे लक्षात ठेवा. याकडे परत येऊ.

माहीत असणं आणि दाखवता येणं

लेख आल्यावर अनेक राजकीय वार्ताहरांची प्रतिक्रिया होती की यात नवीन काय, हे तर आम्हाला माहीतच होतं. जपानमध्ये वार्ताहरांचे क्लब असतात, नेत्यांच्या रोजच्या सहवासात राहून बातम्या मिळवायची पद्धत आहे. त्या वर्तुळात तानाकांच्या पैशांची कुजबुज जुनीच होती. पण कुजबुजीची तारीख नसते, पान नंबर नसतो, आणि दुसऱ्या कोणाला ती तपासता येत नाही.

आपणही हेच करतो. सिनॉप्सिसमध्ये 'हे सर्वज्ञात आहे की…' असं लिहितो आणि पुढे जातो. तिथेच थांबा आणि विचारा : हे मला माहीत आहे, की मी दाखवू शकतो? दाखवायचं असेल तर कोणता कागद, कोणत्या कार्यालयात? ताचिबानांचं वेगळेपण इथे आहे. त्यांनी सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट तपासण्याजोगी केली.

लेखामुळेच राजीनामा झाला का?

आता मूळ प्रश्न. लेख आला, नंतर राजीनामा आला. नंतर म्हणजे त्यामुळे, असं होत नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. एका केसमध्ये कारण शोधण्याच्या पद्धतीला प्रोसेस ट्रेसिंग म्हणतात. त्यात पहिलं काम म्हणजे पर्यायी कारणांची यादी करणं. तानाकांच्या बाबतीत ती अशी :

१. महागाई. १९७३ च्या तेलसंकटानंतर १९७४ मध्ये जपानमधली भाववाढ २० टक्क्यांच्या वर होती. तानाकांचा पाठिंबा लेखाच्या बराच आधी, १९७३ मध्येच, निम्म्याच्याही खाली आला होता.

२. पक्षातली फूट. जुलै १९७४ च्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत पाण्यासारखा पैसा खर्चूनही पक्षाला कसंबसं बहुमत राखता आलं. त्यानंतर ताकेओ मिकी आणि ताकेओ फुकुदा हे दोन बडे नेते मंत्रिमंडळातून बाहेर पडले.

३. लेख आणि त्यातून उठलेले पैशांचे प्रश्न.

४. लॉकहीड.

पहिली चाचणी सोपी आहे : कारण परिणामाच्या आधी हवं. क्रमांक ४ इथेच बाद. (माझी स्लाइडसुद्धा.) उरलेली तिन्ही पास होतात, म्हणून पुढची चाचणी. प्रत्येक कारण खरं असेल तर अजून काय काय दिसायला हवं, हे विचारायचं.

फक्त महागाई आणि पक्षफूट पुरेशी असती, तर तानाका जुलैमध्येच अडचणीत यायला हवे होते. पण ते टिकले. नोव्हेंबरच्या मध्यात तर त्यांनी मंत्रिमंडळात फेरबदलही केला. म्हणजे तोवर सोडायचा विचार पक्का झाला नव्हता असं दिसतं. मग चार-पाच आठवड्यांत बदललं काय? तर पैशांचा प्रश्न संसदेत पोचला आणि त्यांचा निधी सांभाळणाऱ्या सेक्रेटरीला समितीपुढे बोलावण्याची मागणी सुरू झाली. राजीनामा नेमका २६ तारखेलाच का, याचं उत्तरही कॅलेंडरमध्ये आहे. अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड १८ ते २२ नोव्हेंबर जपानमध्ये होते. पदावर असताना जपानला आलेले ते पहिले अमेरिकी अध्यक्ष. पाहुणे गेले आणि चार दिवसांत घोषणा झाली.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो पुढचा पुरावा. पक्षाने वारस कोण निवडला? फुकुदा हे अर्थकारणातले जाणकार, गटही मोठा. महागाई हेच एकमेव दुखणं असतं तर ते स्वाभाविक नाव होतं. पण निवड झाली मिकींची. गट लहान, पण प्रतिमा स्वच्छ. पक्षाला कोणता डाग धुवायचा होता, हे यावरून दिसतं. १९७५ मध्ये मिकींच्याच काळात राजकीय निधीचा कायदा कडक झाला. मात्र दुसरी बाजूही नोंदवा : त्याच मिकींनी फुकुदांना उपपंतप्रधान करून आर्थिक नियोजनाचं खातं दिलं. म्हणजे महागाईही खरीच होती.

तेव्हा माझं वाक्य आता असं आहे : 'महागाई आणि पक्षफुटीने तानाकांची खुर्ची आधीच खिळखिळी झाली होती, पैशांच्या प्रश्नांनी राजीनाम्याची वेळ आणि वारसाची निवड ठरवली.' जुन्या वाक्यापेक्षा लांब आहे, कमी चटकदार आहे. पण व्हायव्हाला कोणी विचारलं तर प्रत्येक तुकड्याखाली माझ्याकडे कागद आहे.

आणि काय म्हणता येत नाही?

लेखात आलेल्या मालमत्तांबद्दल तानाकांवर स्वतःवर खटला चालला नाही. राजीनाम्याच्या निवेदनात त्यांनी खरं काय ते पुढे स्पष्ट करू, असं म्हटलं होतं. तसा पूर्ण खुलासा कधी आला नाही. जुलै १९७६ मध्ये त्यांना अटक झाली ती लॉकहीडच्या ५० कोटी येनच्या प्रकरणात, म्हणजे वेगळ्या व्यवहारासाठी. १९८३ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली, अपील चालू राहिलं आणि १९९३ मध्ये निकाल अंतिम होण्याआधीच ते वारले. मधल्या काळात निगाताचे मतदार त्यांना निवडून देतच राहिले. शिक्षेनंतर दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत तर त्यांना दोन लाखांहून जास्त मतं पडली.

म्हणून तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहायच्या : प्रश्न उपस्थित झाले, राजीनामा दिला, दोषी ठरले. या तिन्हींची सरमिसळ केली की संशोधन संपतं आणि गप्पा सुरू होतात. शिवाय जिवंत माणसाबद्दल अशी सरमिसळ केलीत तर बदनामीचा दावा अंगावर येऊ शकतो.

तुमच्यासाठी गृहपाठ

आपल्याकडेही असे कागद आहेत. सातबारा आणि फेरफार ऑनलाइन बघता येतात, खरेदीखताची इंडेक्स टू मिळते, कंपन्यांची कागदपत्रं फी भरून मिळतात. २००२-०३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळे निवडणुकीच्या उमेदवारांना मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं. तुमच्या मतदारसंघातल्या एका आमदाराची दोन निवडणुकांची शपथपत्रं डाउनलोड करा आणि एकाच तक्त्यात मांडा. मग खाली दोन रकाने करा : 'हा कागद काय दाखवतो' आणि 'हा कागद काय दाखवत नाही'. मालमत्ता वाढलेली दिसली तर लगेच निष्कर्षाला जाऊ नका. जमिनीचे बाजारभाव वाढले असतील, वारसा आला असेल, आधी न दाखवलेलं आता दाखवलं असेल. प्रत्येक शक्यतेपुढे ती तपासायला कोणता कागद लागेल ते लिहा.

दुसरा रकाना पहिल्यापेक्षा लांब झाला तर घाबरू नका. माझा दरवेळी होतो. सिनॉप्सिसमधले संशोधनप्रश्न मला त्याच रकान्यात सापडले.